स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोलचा वास: उगम कसा शोधायचा आणि दुरुस्ती कशी करायची

जुन्या स्पोर्ट्स कारला थोडाफार पेट्रोलचा वास येणारच, अशी अनेक मालक स्वतःची समजूत घालून घेतात. ही समजूत धोक्याची आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतची इंधनयंत्रणा बंदिस्त असते. टाकीत तयार होणारी वाफसुद्धा कोळशाच्या एका डब्यात अडवून नंतर इंजिनात जाळली जाते. अमेरिकेत १९७१ सालच्या मॉडेलपासून ही सोय देशभर सक्तीची झाली आणि हळूहळू इतर देशांतही आली. त्याआधीच्या गाड्यांत टाकी आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) उघड्या हवेशी जोडलेले असत, त्यामुळे तापलेलं इंजिन बंद केल्यावर बॉनेटजवळ थोडा वास येई. तेवढा अपवाद सोडला, तर गाडीत बसल्यावर किंवा गॅरेजचं दार उघडल्यावर वास आला की समजावं, कुठेतरी काहीतरी सैल झालंय, तडकलंय किंवा सुकून कडक झालंय.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त मनावर घ्यायला हवं, कारण तिथे सगळंच खेटून बसवलेलं असतं. टाकी सीटच्या पाठीला टेकलेली, इंधनाचे पाइप एक्झॉस्टपासून वितभर अंतरावर, आणि इंजिन मागे असेल तर तिथली गरम हवा बाहेर पडायला वाट कमी. साध्या गाडीत पाझरलेला थेंब रस्त्यावर पडून उडून जातो. इथे तोच थेंब गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर, पडू शकतो.

एक दिलासाही आहे. पेट्रोलचा वास नाकाला अगदी थोड्या प्रमाणातही कळतो. त्यामुळे उग्र वास आला म्हणजे पाट वाहतोय असं नाही, एखाद्या ओ-रिंगमधून (सांध्यातल्या गोल रबरी रिंगमधून) सुटलेला ओलावाही पुरतो. पण याच कारणाने शोध किचकट होतो. डोळ्याला काही दिसत नाही आणि वास गाडीभर पसरलेला असतो. म्हणून नवशिक्यांना माझा आग्रह एकच: वास कधी आणि कुठे येतो याची नोंद आधी करा, ओली जागा प्रत्यक्ष सापडू द्या, आणि मगच भाग विकत घ्या. अंदाजाने पंप, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग), झाकण असं एकेक बदलत गेलं की पैसे जातात आणि वास तसाच राहतो.

पायरी १: हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे थंडीचा दिवस आहे म्हणून धोका कमी, असं काही नसतं. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साठते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या जवळ गेलं की एक ठिणगी पुरते. त्यामुळे गाडीखाली जाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून पेट्रोलची गळती शोधू नका. गाडी शक्यतो उघड्यावर, सपाट जागी घ्या, जॅकवर उचलून स्टँडवर बसवा आणि मागच्यापुढच्या चाकांना अडसर लावा.

उजेडासाठी एलईडीची बंद काचेची टॉर्च वापरा. तारेचा बल्ब फुटला तर त्याची तार क्षणभर लाल असते, आणि नेमका त्यावर पेट्रोलचा थेंब पडला तर काय होईल ते सांगायला नको. गिझर, हीटर, बॅटरी चार्जर, वेल्डिंग, सिगारेट यांतलं काहीही जवळ नको. वाफ घालवण्यासाठी घरातला साधा पंखा लावणं हाही चुकीचा उपाय आहे, कारण त्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडू शकते. दारं उघडी ठेवा आणि वाट पाहा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची असेल तर ती वास दाटण्याआधीच काढावी. तार निघतानाही बारीक ठिणगी उडते.

पेट्रोलच्या आगीसाठीचं फोम, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हाताशी असू द्या. पाणी मारलं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरतं, तेव्हा पाइप तोंडाने ओढणं किंवा हात पेट्रोलने धुणं या जुन्या सवयी सोडायलाच हव्यात.

गाडी चालवतानाच अचानक उग्र वास आला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि लांब उभे राहा. धूर दिसत असेल तर बॉनेट किंवा इंजिनाचं झाकण झटक्यात उघडू नका, आत हवा शिरते आणि आग भडकते. खाली थेंब पडताना दिसले तर ती गाडी पुन्हा सुरू करायची नाही, टो करूनच न्यायची.

पायरी २: वासाची नोंद

आता वही घ्या. दोनतीन दिवस फक्त लक्ष ठेवायचं आहे, पाना हातात घ्यायचा नाही. अर्थात हे पुसटशा वासासाठी. उग्र वास असेल किंवा ओल दिसत असेल तर गाडी चालवू नका आणि सरळ पुढच्या पायरीवर या. वेळ, टाकीतली पातळी, इंजिन गार की गरम, गाडी उभी की धावती, काच उघडी की बंद, एवढ्या गोष्टी प्रत्येक वेळी लिहा. ही नोंद नीट झाली तर निम्मं निदान तिथेच होतं.

टाकी भरल्यावर पहिले दोन दिवस वास येतो आणि पातळी निम्म्यावर आली की जातो, असं दिसलं तर गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. तिथे पंप आणि पातळी मोजणाऱ्या सेंडरचं झाकण असतं, त्याखाली एक मोठी रबरी रिंग असते. पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी सांधा आणि वाफेच्या बारीक नळ्याही तिथेच. जोरात वळताना किंवा ब्रेक मारताना वास येणं हेसुद्धा याच भागाकडे बोट दाखवतं, कारण तेव्हा पेट्रोल टाकीच्या छताला धडकतं. वळण डावीकडचं की उजवीकडचं हेही लिहून ठेवा. डावीकडे वळताना पेट्रोल उजव्या बाजूला चढतं.

सकाळी गार इंजिन सुरू करताना वास येतो आणि गाडी तापली की नाहीसा होतो, असं असेल तर इंजेक्टरच्या ओ-रिंग किंवा नळ्यांचे क्लॅम्प यांच्यावर संशय घ्यावा. वय झालेलं रबर गारठ्यात आक्रसतं, सांध्यातून ओल सुटते, मग उष्णतेने रबर फुगून सांधा पुन्हा बसतो. ही गळती सगळ्यात फसवी, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती थांबलेली असते. गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मेकॅनिकला समोर उभं करावं लागतं.

याच्या उलट, गाडी दामटून आणल्यावर, उभी केल्यानंतर दहापंधरा मिनिटांनी वास येऊ लागला तर कारण उष्णतेचं आहे. इंजिन बंद झालं की पंखा आणि पाणी थांबतं, इंजिनाच्या कप्प्यातलं तापमान थोडा वेळ वाढतच राहतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बाउलमधलं, म्हणजे त्याच्या कटोरीत साठलेलं, पेट्रोल उकळून बाहेर येतं. इंजेक्शनच्या गाडीत जुनी नळी किंवा रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपाचा) सांधा पाझरायला लागतो.

फक्त केबिनमध्ये, तेही धावत्या गाडीत आणि छप्पर किंवा काच उघडी असतानाच वास येत असेल, तर गळतीआधी एक्झॉस्टचा विचार करा. छप्पर उघडलेल्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि सायलेन्सरमधून निघालेली हवा उलटी आत खेचली जाते. डिकीचं किंवा मागच्या काचेचं रबर फाटलं असेल तर बंद गाडीतही हेच होतं. एसी आतली हवा फिरवण्यावर टाकून पाहा. त्याने वास कमी झाला तर तो काचेखालच्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या बाजूने येतोय. फरक पडला नाही तर तो मागून किंवा जमिनीतून शिरतोय.

आणि एकदा खात्री करा की वास पेट्रोलचाच आहे. कूलंट गोडसर वास देतं, जळकं ऑइल नाकात झोंबतं. डिकीत कधीकाळी ठेवलेला कॅन गालिच्यात सांडला असेल तर तो वास कित्येक आठवडे राहतो, त्याला इंजिन काय करणार?

पायरी ३: तुमच्या गाडीत टाकी आणि पाइप कुठे आहेत

स्पोर्ट्स कारमध्ये हे गृहीत धरता येत नाही. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागे आणि टाकी पुढे असते, त्यामुळे पुढच्या डिकीतला वास पायाजवळच्या हवेतून केबिनमध्ये येतो आणि मालक मागे इंजिनात गळती शोधत बसतो. माझदा एमएक्स-५ आणि लोटस एलिसमध्ये टाकी सीटच्या मागे आडवी. टोयोटा एमआर-२ च्या पहिल्या दोन पिढ्यांत ती दोन सीटच्या मधल्या बोगद्यात. कॉर्वेटच्या पाचव्या पिढीत, म्हणजे १९९७ ते २००४ च्या गाड्यांत, मागच्या चाकांपुढे दोन्ही बाजूंना एकेक टाकी आणि त्यांना जोडणारा आडवा पाइप. दोन टाक्या म्हणजे दोन सेंडर आणि सांधेही दुप्पट.

काही मॉडेलांचे दुखरे भाग त्यांच्या मालकांना पाठ असतात. पोर्शे ९४४ च्या इंजिनावरून जाणाऱ्या इंधननळ्यांचा रबरी भाग वयाने तडकतो. पोर्शे ९१४ मध्ये बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात असते, तिचं ऍसिड ठिबकून खालच्या नळ्या खराब होतात. तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि इंधनयंत्रणेची आकृती छापून समोर ठेवा. तुमच्या गाडीचा त्या भागासंबंधी रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालेला आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून तपासा. असेल तर काम सहसा फुकट होतं आणि ते कंपनीनेच करायला हवं.

दाबाचाही अंदाज हवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइपात जेमतेम ०.२ ते ०.४ बार दाब असतो. साध्या इंजेक्शनमध्ये ३ ते ४ बार. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात पंपानंतरचा दाब १०० बारच्या पुढे, काहींत ३५० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आतून जखम गंभीर असते. या इंजिनांच्या उच्च दाबाच्या बाजूला घरी हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीकडची आणि वाफेची बाजू मात्र त्यांच्यातही तपासता येते.

पायरी ४: डोळे, नाक आणि फडकं

गाडी रात्रभर उभी ठेवताना खाली पांढरे पुठ्ठे अंथरा आणि त्यांच्यावर पुढचं-मागचं चाक कुठे येतं ते लिहा. पेट्रोल उडून गेलं तरी पुठ्ठ्यावर कडा उमटते.

सकाळी इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ऑन करा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पंप दोनएक सेकंद चालून थांबतो आणि यंत्रणेत दाब भरतो. असं तीनचार वेळा केल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहा: टाकीवरचे जोड, फिल्टरची दोन्ही टोकं, रेलचा जोड, प्रत्येक इंजेक्टरचं वरचं टोक, पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर, टाकीकडे परतीची नळी. पंखे आणि बेल्ट थांबलेले असल्याने आरामात जवळ जाता येतं. ओल दिसली नाही तरी डाग दिसतो. पेट्रोल उडून गेल्यावर तिथे पिवळट-तपकिरी थर राहतो, किंवा धुळीने माखलेल्या पाइपावर एखादीच जागा विचित्र स्वच्छ दिसते.

रबरी नळ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. कोरडं स्वच्छ फडकं नळीवर दाबून पुसा आणि लांब जाऊन हुंगा. मग दुसरं फडकं, दुसरी नळी. काही नळ्या फाटलेल्या नसतात, पण त्यांच्या भिंतीतूनच वाफ बाहेर झिरपत असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या प्रकारचं रबर लवकर खराब होतं, त्यामुळे हे वाढलं आहे. स्पोर्ट्स कारमध्ये हौसेने बसवलेल्या स्टीलच्या जाळीच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्या. बाहेरून त्या देखण्या दिसतात, पण जाळीमुळे आतलं रबर दिसत नाही आणि ते स्वस्तातलं असेल तर काही वर्षांतच वास सोडतं. अशा नळीवरून फडकं फिरवलं की उत्तर लगेच मिळतं. नळी वाकवूनही पाहा. बारीक भेगा दिसल्या किंवा ती लाकडासारखी कडक लागली तर तिचं आयुष्य संपलं.

आता सेंडरचं झाकण. मागच्या सीटखाली, डिकीच्या गालिच्याखाली किंवा सीटमागच्या पत्र्यात ते असतं. आधी वरची धूळ ब्रशने आणि फडक्याने साफ करा, नाहीतर उघडताना ती टाकीत पडते. उघडण्याआधीच आजूबाजूला नाक नेऊन पाहा. टाकी भरलेली असताना इथे डबकं साठलेलं मिळालं, तर शोध संपला.

रेग्युलेटर तपासायला एक मिनिट पुरतं. त्याला इंजिनाकडून येणारी बारीक व्हॅक्यूमची नळी असते. ती काढून टोक हुंगा. आत ओलं पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल सरळ इंजिनात ओढलं जातंय.

एवढं करूनही काही मिळालं नाही, तर ज्वलनशील वायू ओळखणारं हातातलं छोटं यंत्र कामी येतं. नाक पाच मिनिटांत वासाला सरावतं, यंत्र सरावत नाही.

पायरी ५: वाफेची बाजू

ओली गळती न सापडता वास येत असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंतचा वाफेचा मार्ग तपासायचा. यात भरण्याचं झाकण, कोळशाचा डबा म्हणजे कॅनिस्टर, टाकीकडच्या नळ्या, हवा आत घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह आणि इंजिनाकडे वाफ सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह येतात.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) जोडा. कोड पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे लहान, पी ०४५६ म्हणजे अतिलहान, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी. मोठ्या गळतीच्या कोडवर पहिला उपाय झाकण. त्याच्या रबरावर भेग आहे का, ते नीट क्लिक होतं का, बसण्याची कडा गंजली आहे का, ते पाहा. कोड नाही म्हणजे गळती नाही, असं मात्र समजू नका. गाडीचा कॉम्प्युटर गळतीची ही चाचणी ठरावीक परिस्थितीतच करतो आणि टाकी खूप भरलेली किंवा खूप रिकामी असेल तर तो ती करतच नाही.

पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा. गार इंजिन आयडलवर (ऍक्सिलरेटर न दाबता सुरू) असताना त्याच्या कॅनिस्टरकडच्या तोंडावर बोट ठेवा. सतत ओढ जाणवली तर तो उघडा अडकला आहे. अशा गाडीचं आणखी एक लक्षण असतं: पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू करताना ती कुरकुरते.

कॅनिस्टर खराब होण्याचं मोठं कारण माणसाच्या हातात असतं. पंपाची नोझल एकदा आपोआप थांबल्यावर टाकी काठोकाठ भरण्यासाठी पुन्हा दाबत राहिलं की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशात जातं. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, द्रवाने भिजला की निकामी होतो. कॅनिस्टर काढून हलवा. आतून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला किंवा हाताला जड लागला तर बदला.

बारीक गळतीसाठी स्मोक टेस्टला तोड नाही. यंत्राने अगदी कमी दाबाने, सहसा ०.०७ बारच्या आत, धूर नळ्यांत सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे दोष. पेट्रोलच्या टाकीवर ही चाचणी नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने केलेली चांगली. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही भरू नका, टाकी फुगते आणि आत स्फोटक मिश्रण तयार होतं.

पायरी ६: एक्झॉस्टला येणारा वास

सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळतंय किंवा मिळालेलं जळत नाहीये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग) काढून टाकलेल्या गाडीत हा वास येणारच, आणि त्यावर दुसरा इलाज नाही, कन्व्हर्टर परत बसवायचा. तो जागेवर असेल तर स्कॅनरवर फ्यूल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. आकडा बराच उणे, म्हणजे उणे १० टक्क्यांच्या पलीकडे असेल, तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी करायचा प्रयत्न करतोय. पर्जची नळी तात्पुरती बंद केल्यावर आकडा शून्याकडे आला तर दोष भिजलेल्या कॅनिस्टरमध्ये किंवा पर्ज व्हॉल्व्हमध्ये. तसाच राहिला तर गळका इंजेक्टर, रेग्युलेटर किंवा सेन्सर.

डिपस्टिक काढून ऑइल हुंगायला विसरू नका. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर इंजिन चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. कारण दूर केल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावे लागतात.

पायरी ७: दुरुस्ती

दाब आधी सोडवा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग दोनतीन सेकंद स्टार्टर फिरवा. टाकीचं झाकण सैल करा, बॅटरीची तार काढा. तरीही सांधा उघडताना भोवती जाड फडकं धरा, थोडं पेट्रोल येतंच.

नळी बदलताना प्रकार नीट निवडा. नळीवर छापलेलं वाचा: एसएई जे३० (इंधननळ्यांचा अमेरिकी दर्जा) आर ७ कमी दाबासाठी आहे, म्हणजे कार्ब्युरेटर, परतीची वाट आणि वाफ. इंजेक्शनच्या दाबासाठी आर ९ किंवा त्या दाबासाठी बनवलेली आर १४. आर १४ मधून वाफ कमी झिरपते, म्हणून वासाची तक्रार असलेल्या गाडीत मी तीच सुचवेन. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी आर १० लागते. इतर नळ्या बाहेरून पेट्रोलमध्ये भिजायला बनवलेल्याच नसतात आणि आत विरघळायला लागतात. आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, एक साइज मोठी नळी क्लॅम्पने आवळून चालवू नका. टोक धारदार ब्लेडने सरळ कापा. क्लॅम्प इंजेक्शनसाठीचा, गुळगुळीत कडेचा घ्या. खाचा असलेला साधा क्लॅम्प रबरात रुततो आणि तिथूनच नळी फाटते. क्लॅम्प पाइपाच्या फुगीर कडेच्या पलीकडे बसायला हवा, कडेवर नाही.

एक नळी तडकली असेल तर तिच्या वयाच्या बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. सगळ्या एकदम बदला. या कामात काटकसर करायला माझा विरोध आहे.

इंजेक्टर काढले की वरची आणि खालची, दोन्ही ओ-रिंग नव्या घाला. त्या पेट्रोल सहन करणाऱ्या फ्लोरोइलास्टोमरच्या, म्हणजे व्हायटॉनसारख्या रबराच्या असाव्यात. बसवण्याआधी स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि रेल सरळ, समान दाबाने खाली बसवा. कोरडी रिंग बसताना पिळवटते, कापली जाते, आणि काम केल्यावर गळती आधीपेक्षा वाढते. जिथे बॅन्जो बोल्ट (आतून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) आहे तिथे तांब्याचे किंवा ऍल्युमिनियमचे वॉशर दर वेळी नवे. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलप्रमाणे, मनगटाच्या अंदाजाने नाही.

सेंडरची रिंग बदलायची असेल तर नवी रिंग हातात आल्याशिवाय झाकण उघडू नका. पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं राहिलेली जुनी रिंग बाहेर काढताच फुगते आणि परत खाचेत बसत नाही. टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असावी. गोल लॉक रिंग सोडवायला मॉडेलसाठीचा खास पाना किंवा पितळी पंच वापरा, लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी उडते. फ्लोटचा दांडा वाकवू नका, नाहीतर गेज आयुष्यभर खोटं सांगेल.

चटकन जोडायच्या प्लास्टिक कनेक्टरमध्ये आतली ओ-रिंग बारीक असते. जोडताना क्लिक ऐका आणि मग ओढून पाहा. अर्धवट बसलेला कनेक्टर पहिल्या दिवशी कोरडा राहतो आणि आठवड्याने सुटतो. लोखंडी पाइप क्लिपखाली गंजला असेल तर पूर्ण तुकडा बदलावा, मध्ये रबर घालून क्लॅम्प लावण्याचा जुगाड दाबाच्या वाहिनीत चालत नाही.

कार्ब्युरेटर असेल तर फ्लोटची उंची, नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई) आणि गॅस्केट तपासा. नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पंप जास्त दाबाचा असेल तर चांगला नीडलही हार मानतो. तेव्हा दाब मोजा आणि गरज असेल तर रेग्युलेटर लावा.

टाकी गंजून भोक पडलं असेल तर ती बदलणं किंवा जाणकार रेडिएटर-टाकी कारागिराकडे देणं हेच पर्याय. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण ती वाफेने भरलेली असते. तिला घरी वेल्डिंग लावायचं नाही, धुतली असली तरीही नाही. रेसिंगसाठी रबरी पिशवीची सेफ्टी टाकी बसवली असेल तर तिच्यावरची तारीख पाहा. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या एफटी ३ दर्जाच्या पिशवीची मुदत पाच वर्षांची असते, उत्पादकाने तपासून वाढवली तर आणखी दोन वर्षं मिळतात.

पायरी ८: खात्री

सगळं जोडल्यावर किल्ली चारपाच वेळा ऑन-ऑफ करा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा. तो कोरडा राहिला तरच इंजिन सुरू करा. आयडलवर पुन्हा टिश्यू फिरवा, पण फिरत्या पट्ट्यांपासून आणि एक्झॉस्टपासून हात लांब ठेवून. मग थोडं चालवून गाडी तापवा, बंद करा, पंधरा मिनिटांनी तपासा. दुसऱ्या दिवशी गार असताना तपासा. सगळ्यात शेवटी टाकी भरा, पहिल्या क्लिकला थांबा, आणि वहीत लिहिलेली ती विशिष्ट परिस्थिती मुद्दाम पुन्हा तयार करा: डावं वळण असेल तर डावं वळण, गार सकाळ असेल तर गार सकाळ.

दुरुस्ती बरोबर झाली तरी केबिनमधला वास लगेच जात नाही. गालिच्याखालचा फोम पेट्रोल धरून ठेवतो. तो बाहेर काढून उन्हात वाळवा, जास्त भिजला असेल तर फेकून नवा घाला. पेट्रोलने भिजलेली फडकी चोळामोळा करून डब्यात कोंबू नका, उघड्यावर पसरून सुकू द्या. आठवडाभरात वास रोज थोडा कमी होत गेला तर तो जुना आहे. टाकी पुढच्या वेळी भरल्यावर एकदम वाढला, तर दुसरी गळती शिल्लक आहे आणि शोध पुन्हा टाकीच्या वरच्या भागापासून सुरू करायचा.